जोडणी बदलताना

इंटरनेटची जोडणी देणारी कंपनी बदलणे हा आता घरगुती व्यवहारातला एक साधा निर्णय झाला आहे. दर कमी, वेग अधिक किंवा तक्रारीची दखल लवकर, यांपैकी एखादे कारण त्याला पुरते; जुनी तार निघते, नवी येते, संकेतस्थळे कालच्यासारखीच उघडतात आणि या बदलात काहीही गमावले नाही असा समज होतो. बहुतेक सेवांच्या बाबतीत हा समज खराही असतो, कारण संकेतस्थळाचा पत्ता जगभर एकच असतो आणि वाचक कोणाच्या तारेवरून तिथे पोहोचला याच्याशी त्या स्थळाला काही कर्तव्य नसते. परंतु इंटरनेटवरील एका जुन्या व्यवस्थेच्या बाबतीत तो खोटा ठरत आला. युजनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्चाजालातील न्यूजग्रुप, म्हणजे विषयवार विभागलेले सार्वजनिक चर्चेचे गट, नेमाने वाचणाऱ्या माणसाने पुरवठादार बदलला की त्याच्या वाचनाची वाट त्याच दिवशी बंद होई. आणि ती पुन्हा उघडण्याच्या खटपटीत, इतकी वर्षे जे स्वतःचे म्हणून वापरले त्यातले खरोखर स्वतःचे किती होते, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राही. प्रश्न वरवर तांत्रिक आहे. पण सार्वजनिक गोष्टी कशाच्या आधाराने टिकतात आणि कोणत्या कारणाने नाहीशा होतात हे त्यातून फार स्पष्टपणे कळते, म्हणून त्याचा सावकाश विचार करणे योग्य ठरेल.

युजनेटची कल्पना १९७९ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मांडली, आणि जवळच्याच चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकणाऱ्या स्टीव्ह बेलोविन यांनी तिचा पहिला कामचलाऊ प्रोग्राम लिहिला. त्या काळी आर्पानेट हे संशोधकांचे जाळे अस्तित्वात होते, पण त्यात प्रवेश मिळण्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधनाशी संस्थेचा संबंध असावा लागे. ज्यांचा तसा संबंध नव्हता अशा विद्यापीठांकडे युनिक्स प्रणालीवर चालणारा संगणक, मोडेम आणि टेलिफोनची लाइन एवढीच सामग्री होती. युनिक्सबरोबर येणारी यूयूसीपी ही सोय एका संगणकावरील फाइल टेलिफोनवरून दुसऱ्या संगणकाकडे पोहोचवीत असे, आणि तिच्याच आधाराने एका ठिकाणी लिहिलेला लेख शेजारच्या ठिकाणी व तिथून पुढच्या ठिकाणी नेण्याची ही योजना होती. १९८० साली ती चालू झाली तेव्हा तिच्यात दोन विद्यापीठांतील मिळून तीनच संगणक होते, आणि दिवसाला एक-दोन लेखांपलीकडे मजकूर येणार नाही असा योजकांचा अंदाज होता. मोठ्या जाळ्यात ज्यांना जागा नव्हती त्यांनी हाताशी असलेल्या साधनांतून स्वतःचे जाळे विणले, आणि ते पुढे हजारो संस्थांमध्ये पसरले.

या योजनेचे वैशिष्ट्य असे की तिला मध्यवर्ती ठिकाण नव्हते आणि आजही नाही. न्यूज सर्व्हर, म्हणजे लेख साठवून ठेवणारा आणि ते वाचकांना व इतर सर्व्हरांना देणारा संगणक, आपल्याकडे आलेले नवे लेख शेजारच्या सर्व्हरला देऊ करतो. शेजाऱ्याजवळ जे नसतील तेवढे तो घेतो आणि स्वतःच्या इतर शेजाऱ्यांपुढे ठेवतो. अशा रीतीने कोणाच्याही आज्ञेवाचून एक लेख साऱ्या जाळ्यात पसरतो. तोच लेख फिरून पुन्हा त्याच सर्व्हरवर येऊ नये म्हणून प्रत्येक लेखाच्या माथ्यावर, हेडर या नावाच्या ओळींमध्ये, दोन नोंदी केलेल्या असतात: एक मेसेज-आयडी, म्हणजे त्या लेखाची जगभरात एकमेव असणारी खूण, आणि दुसरी पाथ, म्हणजे तो ज्या ज्या सर्व्हरांमधून आला त्यांची क्रमाने नावे. लेखाच्या हजारो प्रती होतात, त्यांपैकी एकही इतरांहून श्रेष्ठ नसते, आणि एखादा सर्व्हर कायमचा बंद पडला तरी बाकीच्या ठिकाणी तो लेख शाबूत राहतो. सर्व्हर चालवणाऱ्यांनी एकमेकांशी केलेल्या साध्या समजुतींवर जगभराचे एक जाळे चालावे, त्याला मालक नसावा आणि तरीही त्यात शिस्त असावी, ही इंटरनेटच्या इतिहासातील अत्यंत मोलाची सिद्धी आहे.

गटांची नावे वरच्या विभागापासून खालच्या विषयाकडे जातात. १९८७ साली त्यांची मोठी फेरमांडणी होऊन संगणक, विज्ञान, समाज, छंद व करमणूक, वादचर्चा, युजनेटविषयक माहिती आणि संकीर्ण असे सात मुख्य विभाग ठरले. पुढे मानव्यविद्यांचा आठवा विभाग त्यांना जोडला गेला. या विभागांमध्ये नवा गट काढायचा तर आधी जाहीर चर्चा आणि नंतर मतदान होत असे, आणि ती शिस्त ज्यांना मान्य नव्हती त्यांनी त्याच वर्षी ‘आल्ट’ हा मुक्त विभाग सुरू केला, ज्यात गट काढायला कोणाच्याही संमतीची गरज नव्हती. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात या दोन्ही बाजूंना एकेक अशी घोषणा झाली की जिने पुढे संगणकाचे जगच बदलले: टिम बर्नर्स-ली यांनी आल्ट.हायपरटेक्स्ट या गटात वर्ल्ड वाइड वेब या आपल्या प्रकल्पाची ओळख करून दिली, आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी कॉम्प.ओएस.मिनिक्स या गटात आपण एक नवी प्रणाली लिहीत असल्याचे कळवले, जी पुढे लिनक्स झाली. ज्या वेबने नंतर न्यूजग्रुपांना मागे टाकले त्याची माहितीही जगाला न्यूजग्रुपमधून मिळाली, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवस्थेचे त्या काळातील स्थान कळते.

लिहिण्याच्या रीतीही या रचनेतूनच घडल्या. लेख निरनिराळ्या वाटांनी प्रवास करीत असल्यामुळे काही ठिकाणी उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून पोहोचे. म्हणून उत्तर देणाऱ्याने मूळ लेखातील नेमक्या ओळी वर उतरवून त्यांच्याखाली आपले म्हणणे मांडावे असा संकेत रूढ झाला. तसेच नव्या वाचकांनी तेच ते प्रश्न पुन्हा विचारू नयेत म्हणून अनेक गटांतील जाणकार त्या विषयातील नेहमीचे प्रश्न व त्यांची उत्तरे यांचा एक लेख तयार करून ठरावीक काळाने प्रसिद्ध करीत, त्यात सुधारणा करीत आणि हे काम वर्षानुवर्षे विनामोबदला चालू ठेवीत. वाचक अशा गटात केवळ माहितीसाठी येत नसे. तो तिथल्या माणसांच्या लिहिण्याची ढब ओळखू लागे, कोणाचे उत्तर विश्वासाचे हे त्याला कळू लागे, आणि काही काळाने त्याच्याही नावाला तिथे काही अर्थ प्राप्त होई.

मग या मालक नसलेल्या जाळ्यात इंटरनेट पुरवठादार आला कुठून, हे पाहिले पाहिजे. आरंभी वाचकाला लेख ज्या संगणकावर साठवलेले असत त्याच संगणकावर बसून ते वाचावे लागत. १९८६ साली ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी एनएनटीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे दोन संगणकांनी परस्परांशी कसे बोलावे याचा नियमसंच, लेखी स्वरूपात प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर दूरच्या सर्व्हरवरील लेख न्यूजरीडर नावाच्या प्रोग्राममधून घरबसल्या वाचणे शक्य झाले. १९९० नंतर सामान्य ग्राहकांना इंटरनेट विकणाऱ्या कंपन्या निघाल्या तेव्हा दूरच्या जोडण्या मंद आणि महाग होत्या; हजार ग्राहकांनी एकच लेख हजार वेळा परदेशातून मागवण्यापेक्षा कंपनीने तो एकदा मागवून आपल्या सर्व्हरवर ठेवणे स्वस्त पडे. शिवाय ईमेल, वेब आणि न्यूज या तीन सेवा मिळून इंटरनेट होते अशी त्या काळच्या ग्राहकाची धारणा होती, त्यामुळे जोडणीच्या माहितीपत्रकात मेल सर्व्हरच्या खालीच न्यूज सर्व्हरचे नाव छापलेले असे आणि त्यासाठी वेगळे पैसे आकारले जात नसत.

वेगळे पैसे नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी वेगळा पासवर्डही नसे. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांत लिहिलेली ओळख, मिळते. हा पत्ता आपल्याच कंपनीच्या मालिकेतला आहे एवढे पाहून सर्व्हर वाचकाला आत घेई. वाचकाच्या दृष्टीने ही सोय इतकी सहज होती की परवानगी नावाची काही गोष्ट मध्ये आहे हे त्याच्या ध्यानातही येत नसे. मोठ्या गृहसंकुलात रहिवाशांसाठी चालवलेल्या वाचनालयासारखी ही स्थिती होती: तिथली पुस्तके इतरत्रही मिळतात, लेखक आणि वाचक साऱ्या शहराचे असतात, पण सभासदत्व मात्र राहत्या घराला चिकटलेले असते, आणि घर सोडणाऱ्याला ते सोबत नेता येत नाही.

पुरवठादार बदलल्यानंतर नेमके काय होते, ते यावरून समजते. न्यूजरीडर नेहमीप्रमाणे जुन्या सर्व्हरकडे जातो; सर्व्हर नवा आयपी पत्ता पाहतो, तो आपल्या मालिकेतला नाही असे त्याला आढळते आणि तो ५०२ हा आकडा पाठवतो, ज्याचा एनएनटीपीच्या नियमांतील अर्थ प्रवेश नाकारला असा आहे. काही सर्व्हर ४८० हा आकडा पाठवतात, म्हणजे आधी ओळख पटवा असे सांगतात, पण ज्याचे खाते बंद झाले त्याच्याजवळ पटवण्यासारखी ओळख उरलेली नसते. नव्या पुरवठादाराचा न्यूज सर्व्हर असेल तर त्याचे नाव शोधून न्यूजरीडरमध्ये भरावे लागते. पण त्या सर्व्हरवर सगळे गट असतीलच असे नाही, कारण कोणते गट ठेवावेत हे प्रत्येक सर्व्हरचालक स्वतः ठरवतो, आणि लेख किती दिवस ठेवावेत हेही त्याच्याच मर्जीवर असते. सर्व्हरने २०० हा आकडा दिला तर वाचणे आणि लिहिणे दोन्ही खुले असते, २०१ दिला तर वाचता येते पण लिहिता येत नाही. म्हणजे चर्चेत वर्षानुवर्षे भाग घेतलेला माणूस एका आकड्याच्या फरकाने नुसता श्रोता होऊन बसतो.

याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट वाचनाच्या खुणांची आहे. न्यूजरीडर कोणते लेख वाचून झाले याची नोंद न्यूजआरसी नावाच्या एका साध्या फाइलीत ठेवतो. तिच्यात गटाचे नाव आणि त्यापुढे वाचून झालेल्या लेखांचे अनुक्रमांक असतात. हे अनुक्रमांक मात्र लेखाचे स्वतःचे नसतात. प्रत्येक सर्व्हर, लेख आपल्याकडे ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने, त्यांना आपापले आकडे देतो, त्यामुळे एका सर्व्हरवर जो लेख १४,७७४ वा असेल तोच दुसऱ्या सर्व्हरवर ३,२०० वा असू शकतो. जुनी फाइल नव्या सर्व्हरसमोर ठेवली की वाचलेले लेख न वाचलेले म्हणून पुढे येतात आणि न वाचलेले वाचलेले ठरून दडून राहतात. लेखाची खरी, जगभर एक असणारी खूण मेसेज-आयडी ही होती. वाचकाने मात्र आपले सारे वाचन सर्व्हरच्या आकड्यांत मोजून ठेवलेले असते. वस्तू सार्वजनिक आणि तिचा हिशेब मात्र पुरवठादाराच्या वहीतला, अशी ही विसंगती आहे, आणि जोडणी तुटेपर्यंत ती दिसत नाही.

ओळखीचेही असेच होते. लेखाच्या हेडरमध्ये लिहिणाऱ्याचा ईमेल पत्ता असतो, आणि तो पुरवठादाराने दिलेला असेल तर जोडणीबरोबर तोही जातो. जुने लेख जाळ्यात फिरत राहतात, कोणी ते वाचून लेखकाला खासगी पत्र लिहू पाहतो आणि ते पत्र परत येते. नव्या पत्त्याने लिहू लागलेला माणूस गटातील इतरांना अनोळखी वाटतो; ज्या नावाला तिथे काही विश्वास लाभला होता तो विश्वास त्याला पुन्हा मिळवावा लागतो. संवादात माणसाचे जे स्थान असते ते त्याच्या लेखणीने मिळवलेले असते, तरीही त्या स्थानाचा पत्ता एखाद्या कंपनीच्या नावावर असणे ही त्या काळातील एक मोठी उणीव होती.

मराठी वाचकांचा या गोष्टीशी प्रत्यक्ष संबंध आहे. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील आयआयटी यांचा आरंभापासून सहभाग होता; सामान्य नागरिकाला मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह चार महानगरांत सेवा सुरू करीपर्यंत थांबावे लागले, आणि खासगी पुरवठादारांना परवानगी १९९८ च्या अखेरीस मिळाली, म्हणजे तोवर पुरवठादार बदलण्याचा प्रश्न भारतात उद्भवतच नव्हता. अमेरिकेत शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींसाठी परिस्थिती निराळी होती. त्यांना सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा गट होता, आणि संगीताची आवड असणाऱ्यांना रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल हा गट होता. देवनागरी लिहिण्याची सोय नसल्यामुळे मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिला जाई, आणि रोमन अक्षरांतून देवनागरी नेमकेपणाने दर्शवणारी आयट्रान्स ही पद्धत त्या काळी अशा लेखनासाठी वापरली जाई. यांपैकी अनेकांना न्यूजग्रुप मिळत ते विद्यापीठाने दिलेल्या खात्यातून. पदवी घेऊन बाहेर पडले की खाते बंद होई, आणि नव्या गावात, नव्या नोकरीत, घरच्या भाषेशी पुन्हा जोडून घेण्यासाठी आधी नवा पुरवठादार आणि त्याचा न्यूज सर्व्हर शोधावा लागे. परदेशात राहणाऱ्याला मातृभाषेतील रोजच्या बोलण्याची किंमत काय असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा खंड क्षुल्लक वाटणार नाही.

पुढे नवा सर्व्हर शोधणेच अवघड होत गेले. १९९३ च्या सप्टेंबरपासून नव्या ग्राहकांचा ओघ इतका वाढला की त्यांना गटाच्या रीती शिकवण्याचे काम जुन्या वाचकांच्या आवाक्याबाहेर गेले. दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत येणाऱ्या नवख्यांची सवय असलेल्या या मंडळींनी त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले. त्याच सुमारास जाहिरातींचा कचरा वाढला. चित्रे, ध्वनी आणि प्रोग्राम यांच्या फाइली मजकुराच्या रूपात बदलून पाठवणारे गट, ज्यांना बायनरी गट म्हणतात, इतके फुगले की ज्या जाळ्यात दिवसाला एक-दोन लेखांची अपेक्षा होती त्यात रोज काही टेराबाइट मजकूर वाहू लागला. सगळा मजकूर ठेवणे पुरवठादाराला परवडेना, आणि वेबच्या प्रसारामुळे न्यूज मागणारे ग्राहकही कमी होत गेले. एओएल या अमेरिकी कंपनीने २००५ साली ही सेवा थांबवली.

२००८ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ते अँड्रयू क्युओमो यांनी बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या चित्रांचा प्रसार रोखण्यासाठी मोठ्या पुरवठादारांशी करार केले. त्यांच्या कार्यालयाला अशी चित्रे ८८ गटांत आढळली होती, आणि तो गुन्हा इतका घोर आहे की त्याविरुद्ध कारवाई करणे हे शासनाचे कर्तव्यच होते. परंतु त्या ८८ गटांसाठी व्हेरायझन कंपनीने हजारो गटांचा संपूर्ण आल्ट विभाग बंद केला आणि टाइम वॉर्नर केबलने तर न्यूजग्रुपची सारी सेवाच थांबवली. कॉमकास्टने त्याच वर्षी आणि एटी अँड टीने २००९ साली ही सेवा बंद केली. २० मे २०१० रोजी, जिथे ही कल्पना जन्मली त्या ड्यूक विद्यापीठानेही कमी वापर आणि वाढता खर्च ही कारणे देऊन आपला सर्व्हर बंद केला. दोषी गटांवर नेमका घाव घालणे शक्य असताना निर्दोष चर्चाही त्यांच्याबरोबर गेल्या, याचे कारण असे की त्यांच्या बाजूने बोलायला कोणी अधिकृत धनी नव्हता. मालक नसणे हे या जाळ्याचे बळ होते. पण प्रवेशाचा प्रश्न आला तेव्हा तीच त्याची दुर्बलता ठरली, कारण फुकट मिळणाऱ्या सोयीसाठी भांडायला ग्राहकाकडे करार नव्हता आणि ती टिकवायला कंपनीकडे कारण नव्हते.

तरीही वाचकांपुढची वाट संपली नव्हती, आणि या साऱ्या इतिहासातील खरा दिलासा तोच आहे. जे वाढून असह्य झाले होते ते बायनरी गटांचे ओझे होते. केवळ मजकुराचे गट ठेवायचे तर आजच्या मानाने अगदी लहान संगणकही पुरतो. बर्लिनच्या फ्री विद्यापीठाशी निगडित इंडिव्हिज्युअल.नेट ही सेवा २००५ पासून वर्षाला १० युरो एवढ्या शुल्कात मजकुराचे गट देत आली आहे, आणि त्या न संपणाऱ्या सप्टेंबराचेच नाव घेतलेली इटर्नल सप्टेंबर ही सेवा केवळ नोंदणी करून विनामूल्य मिळते. या ठिकाणी प्रवेश मिळतो तो वाचकाच्या स्वतःच्या नावावर आणि पासवर्डवर. तो कोणाच्या तारेवरून आला हे कोणी विचारत नाही. लीफनोड नावाचा एक छोटा सर्व्हर प्रोग्राम तर वाचकाच्या स्वतःच्याच संगणकावर चालतो, एक किंवा अधिक सर्व्हरांवरून निवडक गटांचे लेख आणून ठेवतो आणि त्यांना आपले स्वतःचे अनुक्रमांक देतो. त्यामुळे वरचा सर्व्हर बदलला तरी घरच्या संगणकावरील वाचनाचा हिशेब बिघडत नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जी सोय कंपनीने दिली आणि म्हणून कंपनीने काढून घेतली, ती थोड्या श्रमाने वाचकाला स्वतःच्या हाती ठेवता येते, हे या साधनांनी दाखवून दिले आहे.

जुन्या लेखांच्या जतनाचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. १९८१ ते १९९१ या काळातील लेख आज उपलब्ध आहेत ते टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी ते चुंबकीय फितींवर जपून ठेवले म्हणून. १९९५ पासून डेजान्यूज या कंपनीने लेखांचा शोध घेण्याची सोय केली. २००१ साली गूगलने तो संग्रह विकत घेतला आणि स्पेन्सर यांनी जपलेले लेखही त्यात घातले. अनेकांना वाटले की आता स्वतंत्र सर्व्हरची गरजच संपली, कारण वेबवरूनच वाचता-लिहिता येते. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गूगलने आपल्या सेवेचा युजनेटशी असलेला संबंध तोडला. जुना संग्रह पाहता येतो, पण नवे लेख तिथे येत नाहीत आणि तिथून लिहिताही येत नाही. ज्यांनी केवळ त्याच वाटेवर भरवसा ठेवला होता त्यांच्यासाठी गट एका दिवसात थांबले; ज्यांचे स्वतंत्र सर्व्हरवर खाते होते त्यांच्या वाचनात त्या दिवशी काहीच फरक पडला नाही.

एकाच घटनेचे हे दोन परिणाम सगळ्या चर्चेचा निष्कर्ष सांगतात. सार्वजनिक गोष्ट सार्वजनिक असणे पुरेसे नसते. तिच्यापर्यंत जाण्याचा अधिकार कोणाच्या नावावर आहे, यावर ती वाचकाच्या जगण्यात टिकते की नाही हे ठरते. दुसऱ्या सोयीबरोबर न मागता मिळालेला अधिकार त्या सोयीबरोबरच जातो, आणि तो गेल्यावर मूळ गोष्टच संपली असे माणसांना वाटू लागते. न्यूजग्रुप संपले असे म्हणणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत प्रत्यक्षात पुरवठादाराने त्यांची वाट बंद केलेली होती. गट चालूच होते. हे केवळ युजनेटपुरते खरे नाही. कंपनीच्या पत्त्यावर येणारी पत्रे, एखाद्या सेवेच्या साठ्यात असलेली छायाचित्रे, एकाच कंपनीच्या ॲपमध्ये चाललेले कुटुंबाचे बोलणे, या सगळ्यांमध्ये जोडणी आणि प्रवेश यांची हीच गाठ बसलेली आहे, आणि ती सैल करण्याची वेळ जोडणी तुटण्याच्या आधीची असते.

म्हणून ज्यांना सार्वजनिक संवादाविषयी आस्था आहे त्यांनी तार कोणाकडूनही घ्यावी, पण प्रवेश स्वतःच्या नावावर घ्यावा. पुरवठादार बदलण्यापूर्वी स्वतंत्र सर्व्हरवर खाते उघडावे, वाचत असलेल्या गटांची यादी उतरवून ठेवावी, महत्त्वाच्या लेखांचे मेसेज-आयडी टिपून ठेवावेत, आणि लिहिण्यासाठी असा पत्ता वापरावा की जो कोणत्याही कंपनीच्या जोडणीबरोबर जाणार नाही. ज्या सेवा केवळ स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात त्यांना, शुल्क मागितले नसले तरी, जमेल तेवढी मदत करावी. आणि ज्याला थोडेबहुत तंत्र अवगत आहे त्याने एखादा लहान सर्व्हर चालवून शेजारी व्हावे, कारण हे जाळे आजवर शेजाऱ्यांनीच चालवले आहे.